कांडीवालीचा कापलेला सीन

नारपोली, भिवंडी
१२ जानेवारी २०२४

मेघालीताई, नमस्कार.

आपल्या जुन्या सिनेमांच्या ग्रुपवर लिहिलं की मधे दहा जण बोलतात आणि मुद्दा राहून जातो, म्हणून सरळ पत्र लिहायला घेतलं. पत्ता ॲडमिनकडून घेतला, राग मानू नका.

परवा तुम्ही ग्रुपवर म्हणालात की ‘कांडीवाली’ सिनेमाची नवी स्वच्छ केलेली आवृत्ती इतकी सुंदर आहे की जुन्या कॅसेटी आता फेकून दिल्या तरी चालतील. वाचून मला जेवण गेलं नाही. मी कोण ते आधी सांगतो. आता पूर्णा गावात एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, पण त्याआधी तेरा वर्षं नारपोलीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. ‘कांडीवाली’ची एकोणनव्वद सालची मूळ कॅसेट माझ्याकडे अजून आहे आणि चालते. नवी डिस्क आणि ती कॅसेट मी दोन टीव्हींवर शेजारी शेजारी लावून बघितली.

रंग पिवळट केलेत, ते सोडा. लूमचा खडखडाट पुसून तिथे बासरी घातली, तेही सोडा. पण दामूच्या अपघाताचा सीन? एक मिनिट पन्नास सेकंदांचा सीन उडवला! आता फक्त कांड्या भरणाऱ्या बायका दचकून मागे बघतात आणि पुढच्या क्षणाला तिरडी. का मेला, कसा मेला, नव्या माणसाला काय कळणार? अहो, भिवंडीत लोक माझ्याकडून ती कॅसेट त्या एका सीनसाठी न्यायचे. रिवाइंड करून करून तिथे टेपवर रेघा पडल्यात. पट्ट्यात पंचा अडकतो तेव्हा दोन सेकंद दामूच्या जागी डुप्लिकेटचा चेहरा दिसतो, ती चूकसुद्धा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चूक असली तरी ती त्या सिनेमाची आहे. ज्या कुणी कसायानं हे कापलं, त्याला सिनेमा कळतच नाही.

आणि माझं एक घरचं कारणही आहे. हे शूटिंग आमच्याच कारखान्यात झालं होतं. माझे वडील केसरीनाथ तरे त्या सीनमध्ये मागे पांढऱ्या टोपीत उभे आहेत. मी तेव्हा मामाकडे उरणला शाळेत होतो, म्हणून शूटिंग बघायचं राहिलं. बाबांचं चालतं-फिरतं चित्र आमच्याकडे तेवढंच. नव्या आवृत्तीत तेही गेलं.

उत्तर द्या. भांडलात तरी चालेल.

आपला,
धनेश तरे


पुणे
२० जानेवारी २०२४

धनेशदादा, सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. इतकं मोठं, हातानं लिहिलेलं पत्र मला कित्येक वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं, म्हणून आधी आभार मानते आणि मग भांडते.

कॅसेटी फेकून द्या हे मी बोलायला नको होतं. पण मूळ म्हणजे पवित्र, असं मला वाटत नाही. सिनेमा बनतो तेव्हाही घाई असते, दिग्दर्शकावर दडपण असतं, निर्मात्याला गल्ला दिसत असतो. त्या धावपळीत जे आत गेलं ते सगळं राहायलाच हवं का? तो सीन मी पाहिलाय. मला विचाराल तर त्याच्याशिवाय सिनेमा चांगला झालाय. बायका दचकून मागे बघतात, तेवढं पुरेसं आहे. मरण दाखवावंच लागतं असं नाही.

तुमच्या वडिलांबद्दल वाचलं आणि जरा थांबले. ते हयात आहेत का? असतील तर त्यांना एकदा विचाराल का, त्या दिवशी शूटिंगला नेमकं काय झालं होतं?

आणि एक विनंती. तो सीन कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकू नका. हक्कांचा प्रश्न येईल.

आपली,
मेघाली


नारपोली, भिवंडी
९ फेब्रुवारी २०२४

मेघालीताई,

तुमचं पत्र यायच्या दोन दिवस आधीच मी तो सीन यूट्यूबवर टाकला होता. डावीकडे कॅसेट, उजवीकडे नवी डिस्क, वर नाव ‘कांडीवालीचा कापलेला सीन’. खरं सांगायचं तर तुमचं हक्कांबद्दलचं वाक्य वाचून मला संशय आला की तुम्ही डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या बाजूच्या. म्हणून मुद्दाम ठेवला. कंपनीला काय करायचं ते करू दे म्हटलं.

ताई, चार लाख लोकांनी बघितला! निजामपुऱ्यातली माझी जुनी गिऱ्हाइकं, आता दाढ्या पिकल्यात, फोन करून म्हणतात, “धनेशभाई, क्या सीन निकाला आपने!” कुठल्यातरी मोठ्या पेजनं उचलून वर आपलं शीर्षक लावलंय, ‘हे ॲक्टिंग नाही’. लोक वाट्टेल ते लिहितात.

बाबांना विचारलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण स्मरण चोख. म्हणाले, “आरं, थोडा लागला होता एकाला. दोन बोटा गेली. गेला आपल्या गावाला.” मी म्हटलं, मग सिनेमात तोच शॉट ठेवला? म्हणाले, “काय जुना काढतंस? चाय कर.” तेव्हा तुमच्या शंकेचं निरसन झालं असेल. अपघात झाला होता, पण किरकोळ.

आता तुम्ही सांगा, जो शॉट घेताना एका माणसानं दोन बोटं गमावली, तो असा पुसून टाकणं हा त्या माणसाचा अपमान नाही का?

धनेश


पुणे
१४ फेब्रुवारी २०२४

धनेशदादा,

व्हिडिओ आजच काढा. पत्र हातात पडल्यावर बाकीचं नंतर वाचा, आधी तो काढा. मी तुम्हाला तीनदा फोनही केला होता, लागला नाही.

तो सीन मी कापला. तुम्ही ज्याला कसाई म्हणालात ती मी. नवी आवृत्ती ज्यांनी काढली त्या कंपनीत मी जुन्या फिल्म साफ करण्याचं काम करते. हे पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. तुम्ही इतक्या प्रेमानं चिडला होतात की सांगायचा धीर झाला नाही.

फिल्म साफ करतात म्हणजे काय, तर एकेक चित्र थांबवून त्याच्यावरचे ओरखडे पुसतात. एका सेकंदात अशी चोवीस चित्रं. त्या सीनवर मी नऊ दिवस बसले होते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की डुप्लिकेटचा चेहरा दिसतो ती चूक नाही. त्या माणसाला चेहरा लपवायची आठवणच राहिलेली नाही. सिनेमात शॉट जिथे संपतो, तिथे मूळ निगेटिव्ह संपत नाही. कॅमेरा पुढे चाळीस सेकंद चालू होता. त्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. बोटं नव्हती गेली, एवढंच लिहिते. तो माणूस तिथेच गेला.

फिल्मच्या डब्यात त्या दिवसाचा कागद होता. ‘डुप्लिकेट – राघो हरड, कामगार.’ खाली संकलकाच्या अक्षरात, ‘घरच्यांना शब्द दिलाय, शॉट वापरायचा नाही.’ आणि त्या ओळीवर दुसऱ्या कुणाच्या तरी पेनानं मारलेली काट.

मी कंपनीच्या मालकांना दाखवलं. ते लगेच म्हणाले काढून टाक, पण ते त्यांच्या भीतीपोटी. उद्या कुणी दावा लावला तर नको. मी काढला तो त्या माणसासाठी, असं मी स्वतःला समजावलं. पण तुमचं पत्र वाचल्यापासून झोप नीट लागत नाही, कारण राघो हरडच्या घरच्यांना मीही विचारलं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी ठेवताना कुणी विचारलं नाही, आता काढताना मी विचारलं नाही.

मेघाली


नारपोली, भिवंडी
३ मार्च २०२४

मेघालीताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच मिनिटाला व्हिडिओ काढला. उपयोग झाला नाही. कॉप्या सगळीकडे पसरल्यात. एकानं तर त्याला हसायचा आवाज लावलाय.

तेरा वर्षं मी तो सीन लोकांना लावून दाखवला. “थांब, आता बघ, आता बघ,” म्हणायचो. चहा पीत बघायचो. एका माणसाचं मरण मी दिवसातून चारदा रिवाइंड करत होतो. यापुढे या विषयावर मला लिहिता येत नाही.

आता जे झालं ते सांगतो. व्हिडिओ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर असताना, व्हिडिओखाली दिलेल्या माझ्या नंबरवर फोन आला. बाईचा आवाज.

“तुमी त्यो पिक्चरचा तुकडा टाकलाव ना? त्यातला मानूस माझा बाप हाय. गावातल्या जुन्या मानसांनी वळखलं.”

मी गयावया करायला लागलो. ताई, माफ करा, मला माहीत नव्हतं, मी काढलाय तो.

“काढलाव? का काढलाव?” ती म्हणाली. “त्यांचा एक फोटो पन न्हाय आमच्याकडं. मी परवाच पयल्यांदा तोंड बघितलं त्यांचं.”

तिचं नाव नेत्रा. राघो गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती, पाचवा महिना. आता पस्तिशीची आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे, नवरा नाही, आईजवळ राहते. रविवारी मी त्यांच्या गावाला गेलो, अंबाडीच्या पुढे बरंच आत. फक्त धनेश म्हणून गेलो. कारखाना कुणाचा ते त्यांना ठाऊक असणार, म्हणून आडनाव सांगितलं नाही.

राघोची बायको मैनाताई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. साठीची असेल, दिसते सत्तरची. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बसा. पोरीला बघायचं हाय, तिला दावा. मी न्हाय बघनार.”

नेत्रानं पहिला प्रश्न विचारला, “दादा, ह्याच्या आदीचं काय हाय का? चालताना, बोलताना? मरताना सोडून?”

मी म्हटलं, माझ्या कॅसेटवर नाही. पुण्यात एक ताई आहेत, त्यांना विचारतो.

मग मैनाताई बोलायला लागली. राघो भिवंडीत लूमवर होता. आठवडाभर कारखान्यात झोपायचा आणि शुक्रवारी लूम बंद असले की गावी यायचा. एका शुक्रवारी आला नाही. दुपारी टेम्पोतून आणला. सोबत आलेले सांगून गेले की शूटिंगच्या वेळी दारू पिऊन मशीनमध्ये गेला, तो तुकडा पिक्चरमध्ये घेणार नाही. पोलिसांच्या कागदावरही तेच. “ह्यो मानूस कदी प्याला न्हाय,” ती म्हणाली. “पन कागदावर हाय म्हनल्यावर मी कोनाला सांगू? दीर म्हनला, बेवड्याची बायको घरात नको. हिला पोटात घेऊन मी गावाच्या कडंला खोपटं बांधलं. हिच्या लग्नात पन तेच. बेवड्याची पोर.”

जरा वेळानं ती उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, “आवाज लाव. नुस्ता आवाज.”

मी लॅपटॉप उघडला, तिच्या मागे ठेवला आणि सीन लावला. तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ओरडली, “हितं! मागं घे. ऐका. ‘थांबा’ म्हनतात. ‘थांबा, पट्टा सरकलाय.’”

ताई, शेकडो वेळा ऐकलेला सीन. मला लूमच्या गोंगाटाशिवाय कधी काही ऐकू आलं नव्हतं. त्या शांत घरात, तिनं सांगितल्यावर, स्पष्ट ऐकू आलं. थांबा, पट्टा सरकलाय. आणि त्याच्यावर दुसरा आवाज, “काय न्हाय होत, चालू कर.”

मैनाताई भिंतीकडेच बघत म्हणाली, “दारू प्यालेला मानूस पट्टा सरकलेला सांगल का?”

नेत्रानं मला विचारलं, “ह्यो दुसरा कोन?”

“युनिटमधलं कुणीतरी असेल,” मी म्हणालो.

खोटं बोललो. ‘काय न्हाय होत’ हे तीन शब्द मी जन्मल्यापासून ऐकतोय. मला कावीळ झाली तेव्हा, माझी बायको निशा बाळंतपणात अडली तेव्हा, दर वेळी त्याच चालीत. ते माझे बाबा आहेत. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. निशालाही नाही.

धनेश


पुणे
१७ मार्च २०२४

धनेशदादा,

तुमचं पत्र वाचून लगेच कामावर गेले. त्या सिनेमाचे न वापरलेले तुकडे चौदा डब्यांत होते. म्हटलं त्यात राघो कुठेतरी दिसेलच. गोदामात गेले तर रॅक रिकामा. तुमचा व्हिडिओ पसरला तेव्हा मालक घाबरले, आणि आदल्याच आठवड्यात त्यांनी ते डबे भंगारात दिले. फिल्म जाळून त्यातली चांदी काढतात, माहीत असेल तुम्हाला. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ओरडले. आता मी तिथे कामाला नाही.

तुम्हाला दोष देत नाही. पण घडलं ते असं घडलं, ते तुमच्यापासून लपवत नाही. आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर फक्त त्या एका शॉटची प्रत उरली होती, कारण साफ करताना मी कधी कधी काम घरी आणायचे. शॉट सुरू व्हायच्या आधी, आवाजाचं यंत्र चालू होण्याआधी, कॅमेरा नऊ सेकंद फिरलाय. राघो लूमपाशी उभा आहे. पंच्यानं तोंड पुसतो, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघून काहीतरी बोलतो आणि हसतो. आवाज नाही. एवढंच आहे. नेत्राला सांगा, याहून जास्त आता जगात कुठेही नाही.

दुसरं, त्या दिवशीच्या आवाजाची मूळ टेप मी तेव्हाच उतरवून घेतली होती. तिच्यात लूमचा गोंगाट वेगळा करता आला. राघोचे शब्द स्वच्छ आहेत. दुसरा आवाजही स्वच्छ आहे. ऐकणाऱ्याला ओळखता येईल इतका.

दोन्ही या पाकिटातल्या पेनड्राइव्हवर आहेत. चाळीस सेकंद मी कायमचे पुसून टाकले. ते कुणालाच नकोत, याबद्दल मला शंका नाही. बाकी त्यांना काय द्यायचं, काय नाही, हे मी ठरवणार नाही. मी एकदा ठरवून बघितलंय.

तुम्ही बाबांशी बोललात का?

मेघाली


नारपोली, भिवंडी
२१ एप्रिल २०२४

मेघालीताई,

उशीर झाला. मधल्या दिवसांत लिहायला बसायचो आणि उठायचो.

बाबांशी बोललो. पेनड्राइव्हवरचा आवाज त्यांच्यासमोर लावला. ते टीव्ही बघत होते, त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “डायरेक्टर बोलला, उजेड चाललाय. समदी मान्सा खोळंबली होती. मी बोललू चालू कर. माझा कारखाना, मी न्हाय बोलनार तं कोन बोलनार?”

“आणि दारूचं?”

“फौजदारानी इचारला, मी सांगितला.”

“तो पीत नव्हता, बाबा.”

“मना म्हाईत हाय.” असं सरळ म्हणाले. “तसा न्हाय सांगितला असता तं कारखान्याला टाळा लागला असता. तू कशाव शिकलास? तुझी दुकान कशाव निंगाली? तो मेलाच होता. मेलेल्याला काय फरक परतो?”

मी म्हणालो, “त्याच्या बायकोला पडला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताई. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते निशाला म्हणाले, “ताट वाढ.”

मी त्यांना म्हटलं, माझ्यासोबत चला. चार माणसांत एवढंच सांगा की तो प्यालेला नव्हता. गाडीत बसून बोला, उतरूही नका. नाही म्हणाले. दोन दिवसांनी पिशवी भरून आत्याकडे कशेळीला गेले. निशा म्हणते, म्हाताऱ्या माणसाला या वयात घराबाहेर काढलंस. काढलं नाही, गेले, पण तिला ते पटत नाही. सध्या ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मग मी एकटाच गेलो. नेत्रानं मारुतीच्या ओट्यावर आठ-दहा जणांना बोलावलं होतं. मैनाताईचा दीर, पोलीस पाटील, आणखी काही जुनी माणसं. मी उभा राहून सांगितलं की मी केसरीनाथ तरेंचा मुलगा, कारखाना आमचा होता, राघो हरड शुद्धीत होता, त्यानं थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि ‘चालू कर’ म्हणणारा आवाज माझ्या वडिलांचा आहे. मग आवाज लावला.

नेत्रा माझ्याकडे बघत होती. “त्या दिवशी का न्हाय बोललाव?” तिनं विचारलं. ती ‘दादा’ म्हणायची, त्यानंतर म्हणालेली नाही.

दीर ऐकून घेत होता. संपल्यावर म्हणाला, “माझ्या पोराच्या मोबाइलात त्यो नवा पिक्चर हाय. काल पुरा बघितला. त्यात असं काय न्हायच. ना मशीन, ना मानूस.”

मी म्हटलं, त्यातून सीन कापलाय. जुनी कॅसेट आहे माझ्याकडे.

“मंजे ह्यात येक, त्यात येक,” तो म्हणाला. “आन ह्यो तिसराच आवाज, त्यो कॉम्पुटरवर केलाय म्हनता. आजकाल मेलेल्या मानसाला पन बोलवतात कॉम्पुटरवर. खरा कंचा धरायचा?” मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, “जमिनीत हिस्सा पायजे, म्हनून चाल्लंय ह्ये.”

पोलीस पाटील म्हणाले की कागद कागद असतो आणि फौजदारही आता हयात नाही. लोक उठले. एक म्हातारा जाताना मैनाताईपाशी थांबला आणि म्हणाला, “राघो पीत नव्हता, मला म्हाईत हाय.” ती म्हणाली, “मग छत्तीस वरसं का न्हाय बोललाव?” तो निघून गेला.

आम्ही तिघं घरी आलो. मी कॅसेट नेत्राच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमची. जाळा, ठेवा, कोर्टात न्या, मला विचारू नका. कोर्टात गेलात तर साक्षीला मी येईन. तिनं कॅसेट उलटसुलट करून बघितली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

मग ते नऊ सेकंद लावले. या वेळी मैनाताईनं भिंतीकडे तोंड केलं नाही. लॅपटॉपच्या अगदी जवळ येऊन बसली. राघो पंच्यानं तोंड पुसतो, कुणाकडे तरी बघतो, बोलतो, हसतो. नेत्रानं तोंडावर हात धरला होता. मैनाताई रडली नाही. “सदरा मी शिवलेला हाय,” एवढं म्हणाली. मग पुन्हा लाव, पुन्हा लाव. सात-आठ वेळा झाल्यावर नेत्रानं विचारलं, “आई, काय म्हनतात गं?”

मैनाताई पडद्याकडे बघतच म्हणाली, “‘शुक्रवारी येतो’ म्हनतात.”

ताई, मी आयुष्यभर पडद्यावर हलणारे ओठ बघत आलोय. आवाज मागे-पुढे झालेल्या हजार कॅसेटी बघितल्यात. तुमचा पेनड्राइव्ह आल्यापासून ते नऊ सेकंद मी घरी वीस वेळा तरी बघितले होते. तो म्हणतो, ‘नको, मला नको.’ दोनदा म्हणतो. आणि हसतो ते आपण लाजून हसतो तसं, मोठ्या माणसांना नाही म्हणताना.

नेत्रा माझ्याकडे वळली. “आसंच म्हनतात ना? तुमाला कळतं ना ह्यातलं?”

“हो,” मी म्हणालो. “शुक्रवारी येतो, असंच म्हणतायत.”

धनेश